सरकारी वकिलाच्या खुर्चीतून

पेरी मेसनच्या कादंबऱ्यांत एक माणूस नेमाने हरतो. हॅमिल्टन बर्गर त्याचे नाव. तो सरकारी वकील. पुरावा जमवून, साक्षीदार उभे करून तो आरोपीला शिक्षेच्या उंबरठ्यापर्यंत आणतो आणि ऐनवेळी मेसन एका उलटतपासणीत खऱ्या गुन्हेगाराला भर कोर्टात बोलता करतो. मेसनचा निर्माता अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेला माणूस. १९३३ मध्ये त्याने मेसनला पहिल्यांदा वाचकांसमोर आणले आणि पुढे ऐंशीहून अधिक कादंबऱ्यांत नांदवले. बर्गरच्या खुर्चीतून तीच केस कशी दिसली असती, हे लिहिण्याची गरज त्याला पडली नाही.

कोल्हापुरात मात्र त्या खुर्चीतला माणूसच कादंबरीकार झाला. वीरसेन आनंदराव कदम, म्हणजे वाचकांचे बाबा कदम. जन्म १९२९चा, निधन २००९ मध्ये. पेशा सरकारी वकिलाचा आणि नावावर ऐंशीच्या घरात कादंबऱ्या. ‘इन्साफ’, ‘निष्पाप बळी’, ‘बालंट’, ‘पाच नाजूक बोटे’ ही नावे ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाचनालयाच्या खिडकीपाशी उभे राहून मागितली, त्यांना हा लेखक कोण हे सांगावे लागत नाही. मराठी समीक्षेला मात्र सांगावे लागते. लोकप्रिय म्हणून तिने त्याला जे एकदा बाजूला ठेवले, ते ठेवलेच. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि तो केवळ एका लेखकावरचा नाही. मराठी माणसाने गुन्हा, पोलीस आणि कोर्ट यांच्याकडे कसे पाहिले, याचा एक मोठा पुरावा त्यामुळे आपण उघडलाच नाही.

बाबांचे वेगळेपण कळायचे तर आधी मराठी रहस्यकथेची वहिवाट पाहायला हवी. ती वहिवाट मालिकेची आहे. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी पेहराव चढवला आणि गूढ, भुयारे, वेषांतरे यांची चटक वाचकाला लावली. पण एकच नायक पुस्तकामागून पुस्तकात परत येतो आणि वाचक त्याच्यासाठी पुस्तक घेतो, ही सवय घट्ट केली ती बाबूराव अर्नाळकरांनी. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक. १०४२ रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत आणि त्या आकड्याची नोंद गिनेस बुकाने घेतली.

अर्नाळकरांची प्रेरणा इंग्रजी स्वस्त साप्ताहिकांतल्या नायकांची, त्यांतही सेक्स्टन ब्लेकची. डिसेंबर १८९३ मध्ये कॉनन डॉइलने कंटाळून शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलले आणि त्याच महिन्यात सेक्स्टन ब्लेकची पहिली गोष्ट छापून आली. होम्स एका लेखकाचा होता, म्हणून तो लेखकाला जड झाला. ब्लेक कुणा एकाचा नव्हता. शे-दोनशे हातांनी तो लिहिला, हजारोंच्या संख्येने त्याच्या गोष्टी निघाल्या आणि कुणालाच त्याचे ओझे झाले नाही. अर्नाळकरांनी ब्लेकचा कारखाना पाहिला आणि तो एकट्याच्या मनगटावर चालवून दाखवला. या श्रमाला मी मनापासून मानतो.

गोव्याच्या मातीतले गुरुनाथ नाईक याच वाटेने गेले. त्यांनी तर मालिकांनाच नावे दिली. गोलंदाज, शिलेदार, गरुड, रातराणी अशी मालिका ठरलेली, तिचा नायक ठरलेला, नवा अंक महिन्याला हजर. बाराशेच्या वर पुस्तके लिहून २०२१ मध्ये ते गेले. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) मालिकेला अधिक तरुण, अधिक शहरी केले. दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि वकील अमर विश्वास या चौघांचे स्वभाव त्यांनी इतके वेगळे ठेवले की संवादाच्या दोन ओळींवरून वाचकाने नायक ओळखावा.

मालिका चालवणे हे हलके काम नाही. नायक मरणार नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. मग जिवाची भीती कुणाच्या वाट्याला घालायची? नायकाची सवय, त्याचा साथीदार, त्याचा वैरी हे सगळे जसेच्या तसे परत यायला हवे, कारण वाचक त्यांच्यासाठीच आला आहे. आणि तरी गोष्ट नवी हवी. म्हणून मालिका-लेखकाची सगळी कल्पकता गुन्ह्याच्या रीतीत खर्ची पडते: बंद खोली, दुहेरी ओळख, विष कसे पोचले. गुन्हा ज्याच्या घरात घडला, त्या घराला मालिकेत एका पुस्तकापुरतेच आयुष्य असते. नायक टोपी चढवून पुढच्या केसला निघतो आणि ते घर मागे राहते.

बाबा कदमांनी लोक जमवले ते अशा नायकाच्या जोरावर नाही. त्यांच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव हीच खूण होती. पुस्तकामागून पुस्तकात परत येते ते त्यांचे जग: कोल्हापूर आणि भोवतालचा मुलूख, वाडे, जमिनीचे वाद, शिकारीचा शौक, पोलीस अधिकारी, वकील, कचेऱ्या, आणि या सगळ्यांत अडकलेली एखादी साधी मुलगी किंवा भाबडा तरुण. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा बाबा विशीत होते. शिकारीसाठी चित्ते पाळणारा दरबार, चित्तेवानांची घराणी, दाजीपूरचे जंगल, सरदार-इनामदारांचा थाट हे सगळे त्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आणि मग कुळकायद्याच्या आणि कोर्टाच्या कागदांत विरघळतानाही पाहिले. गुन्ह्याच्या गोष्टीला याहून कसदार जमीन कुठली? वारसा, इभ्रत, अनौरस संतती, बांधाचे भांडण, वाड्याच्या मागच्या दाराने झालेले व्यवहार. दक्षिण महाराष्ट्रात खुनाची कारणे बहुधा यांतच सापडतात. त्यांना भुयार लागत नाही.

आणि इथे खुर्चीचा मुद्दा येतो. गुप्तहेराच्या दृष्टीने रहस्य म्हणजे ‘कोणी केले?’ सरकारी वकिलाच्या टेबलावर फाइल येते तेव्हा त्या प्रश्नाचे पोलिसांच्या लेखी उत्तर झालेले असते. आरोपीचे नाव पहिल्याच पानावर असते. त्याच्यापुढचे प्रश्न निराळे: हे सिद्ध होईल का? फिर्याद उशिरा का दाखल झाली? पंच त्याच गल्लीतले, ते टिकतील की फितूर होतील? मृत्युपूर्व जबाब घेताना बाई शुद्धीवर होती, असा डॉक्टरचा शेरा आहे का? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न, जो तो एकटा असताना स्वतःला विचारतो: पिंजऱ्यातला हा माणूस खरोखर तोच आहे ना?

आपल्या पुरावा कायद्यात एक गोष्ट फार नाट्यमय आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही. १८७२च्या कायद्यातले कलम २५ तसे सांगायचे. पण त्याच कायद्याचे कलम २७ एक फट ठेवायचे, आणि ती आजही आहे. आरोपीने ‘कोयता मी दाखवतो’ म्हटले आणि तो त्याच्या सांगण्यावरून खरेच सापडला, तर त्या शोधापुरते त्याचे बोलणे पुराव्यात येते. म्हणून खुनाच्या खटल्यात निवेदन पंचनामा आणि मुद्देमालाची जप्ती यांवर तासन्‌तास उलटतपासणी चालते. कोयता विहिरीजवळच्या कडब्यात खरेच आरोपीने दाखवला, की पोलिसांनी आधी तिथे ठेवला? अख्खा जन्म या एका उत्तरावर टांगलेला असतो. बंद खोलीच्या कोड्यापेक्षा हे रहस्य मला कितीतरी मोठे वाटते, कारण त्याच्या पोटात माणसाचा खरेखोटेपणा आहे, आणि बघ्यांपैकी प्रत्येकाला तो थोडाथोडा माहीत असतो.

जो माणूस दिवसभर असे साक्षीदार तपासतो, त्याच्या कानात बोलण्याचे नमुने साठत जातात. साक्षीदार कुठे अडखळतो, कुठे जास्तच नेमके बोलतो, बाई नवऱ्याचे नाव घ्यायचे टाळून घटना कशी सांगते, पाटील आणि गडी एकच प्रसंग कशा दोन भाषांत सांगतात. बाबांची गद्यशैली साधी आहे. वर्णने आखूड, संवाद भरपूर, गोष्ट सरळ पुढे जाणारी. वाङ्मयीन कसोटीने ती कुठे कुठे विरळ वाटते, हेही खरे. भराभर लिहिणाऱ्याच्या हातून योगायोगांची खैरात होते आणि शेवट गोड करण्याचा मोह सुटत नाही. पण गोष्ट कानावर पडल्यासारखी सांगायची हातोटी ही कोर्टातल्या जबाबाची हातोटी आहे: काय झाले, कधी झाले, तेव्हा कोण होते, मग तू काय केलेस. सामान्य वाचक या क्रमाला बांधला जातो.

ज्या गावात त्यांनी हे लिहिले, त्या गावाला कादंबरी नवी नव्हती. राजाराम कॉलेजात ना. सी. फडके शिकवत होते, वि. स. खांडेकर इथेच राहून लिहीत होते आणि करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तके देत होते. फडक्यांनी तंत्र दिले, खांडेकरांनी ध्येयवाद. कोल्हापूरच्या सिनेमाने गोष्ट दृश्यात मांडायची शिस्त दिली. बाबांची ‘भालू’ १९८० मध्ये राजदत्तांनी पडद्यावर आणली आणि मुक्या जनावराच्या इमानाची ती गोष्ट पुस्तक कधीच न उघडणाऱ्यांपर्यंतही पोचली. गुन्ह्याच्या लेखकाची सर्वांत आठवणीतली गोष्ट कुत्र्याची असावी, याचे मला नवल वाटत नाही. माणसांच्या साक्षी ऐकून ऐकून ज्याचे कान किटले असतील, त्याला खोटे न बोलणारा जीव नायक म्हणून सुचणारच.

खऱ्या गुन्ह्यांनी याच गावच्या कोर्टात कादंबरीला मागे टाकले, तेही सांगायला हवे. लहान मुले पळवून, त्यांना चोऱ्यांसाठी वापरून, मग ठार करणाऱ्या आई आणि दोन मुलींचे प्रकरण १९९६ मध्ये उघडकीला आले. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. आई खटला उभा राहण्याआधीच कोठडीत वारली होती. त्या खटल्याचा कणा होता माफीचा साक्षीदार, एका बहिणीचा नवरा. दयेच्या अर्जांना लागलेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती फाशी जन्मठेपेत बदलली. ‘कोणी केले’ हा प्रश्न त्या प्रकरणात फार काळ उरला नव्हता. घरातलाच माणूस पिंजऱ्याबाहेर उभा राहून घरच्यांविरुद्ध बोलतो, तेव्हा त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचे, हा प्रश्न होता. गुप्तहेर नायक अशा ठिकाणी काही करू शकत नाही. तिथे लागते ती साक्ष तोलणारी नजर.

ही नजर पुढच्या लेखकाला आयती मिळणार नाही, पण साहित्य भरपूर मिळेल. संस्थानकाळी स्वतःचे हायकोर्ट असलेल्या कोल्हापुरात, वकिलांच्या अनेक दशकांच्या मागणीनंतर, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. सहा जिल्ह्यांची अपिले आता इथे चालतात. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत पुन्हा काळे कोट दिसतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेही बदलले. ज्याच्या नावानेच मराठी माणूस खून समजायचा, ते कलम ३०२ आता १०३ झाले. कलम २७ची ती फट नव्या साक्ष अधिनियमात कलम २३ मध्ये जाऊन बसली आहे. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते, आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहे.

म्हणजे फितूर पंच ही बाबांच्या पिढीची हुकमी कलाटणी आता सहज चालणार नाही. पंच फिरला तरी चित्रफीत उरते. मग लेखकाला नवे प्रश्न विचारावे लागतील: चित्रण सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांत काय झाले? चित्रण ज्या फोनवर झाले तो कोणाचा होता, आणि तो किती वेळ कोणाच्या खिशात राहिला? ज्याला हे लिहायचे आहे, त्याने ‘इन्साफ’ आणि ‘बालंट’ वाचून काढावेत, आणि मग एखादा सत्र खटला पहिल्या तारखेपासून निकालापर्यंत मागच्या बाकावर बसून ऐकावा. खुल्या कोर्टात बसायला कोणाची परवानगी लागत नाही.