मत्स्यखाद्यात लसूण व हळद यांचा उपयोग

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या आतील भागातील भाताचे तालुके होत. येथे पाऊस विपुल पडतो, परंतु जमीन उताराची असल्याने दिवाळीनंतर ओढे आटू लागतात. घाटमाथ्यावरील धरणांच्या पाण्याने मात्र या भागास मोठा आधार दिला आहे. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. वीज निर्माण करून खाली उतरलेले हे पाणी पाताळगंगा व उल्हास या नद्यांच्या खोऱ्यांत येते. भिवपुरीच्या पाण्यावर आधारलेल्या राजनाला कालव्यामुळे कर्जत तालुक्यात उन्हाळी भात घेणे शक्य झाले. जेथे असे पाणी पोचते, अथवा शेततळ्यात पावसाचे पाणी टिकून राहते, तेथे कटला, रोहू व मृगळ या माशांची जोपासना हा भातशेतीस उत्तम जोडधंदा होऊ शकतो.

या धंद्यात मोठा खर्च खाद्याचा असतो. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली थंडीत रोगास बळी पडली, तर कित्येक महिन्यांचे खाद्य व श्रम पाण्यात जातात. या भीतीने खाद्यात प्रतिजैविक औषधे मिसळण्याकडे कल होतो. परंतु अशा सततच्या वापराने जंतूंना त्या औषधांची सवय जडते आणि पुढे ती निकामी ठरतात. याच कारणास्तव युरोपीय संघाने जनावरांची वाढ होण्यासाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यास १ जानेवारी २००६ पासून बंदी केली. तेव्हापासून औषधी वनस्पतींकडे संशोधकांचे लक्ष अधिक वळले आहे.

माशाचे आतडे

रोहू, कटला व मृगळ या माशांना जठर नसते. गिळलेले अन्न सरळ आतड्यात जाते. इतर प्राण्यांत जठरातील आम्लामुळे अन्नाबरोबर आलेले पुष्कळ जंतू मरतात. या माशांना ते संरक्षण नाही. रोहूचे आतडे तर शरीराच्या लांबीच्या कितीतरी पट लांब व वेटोळ्यांचे असते. त्याच्या आतील नाजूक घड्यांतून अन्नरस शोषला जातो. या अस्तरास इजा झाली, की खाद्य अंगी लागत नाही व जंतूंना शरीरात शिरण्यास वाट मिळते. म्हणून आतडे निरोगी राखणे हे मत्स्यशेतीचे अर्धे यश होय.

लसूण व हळद

लसूण ठेचली म्हणजे तिच्यात ॲलिसिन नावाचे उग्र वासाचे द्रव्य तयार होते. ते अनेक अपायकारक जंतूंची वाढ रोखते. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य दाह कमी करणारे आहे. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेतील संशोधकांनी रोहूच्या बोटुकलीस दर किलो खाद्यामागे १, ५ व १० ग्रॅम लसूण ६० दिवस दिली. नंतर एरोमोनास हायड्रोफिला या रोगजंतूंची लागण केली असता, लसूण न दिलेल्या माशांपेक्षा लसूण खाल्लेल्या माशांत मरतूक कमी आढळली. हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. हळदीवरही त्याच प्रकारचे प्रयोग झाले आहेत. तथापि हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील आहेत. तळ्यातील परिस्थिती निराळी असते, हे विसरू नये.

प्रमाण व कृती

समजा, १० गुंठ्यांच्या तळ्यात ५०० मासे असून प्रत्येकाचे सरासरी वजन १०० ग्रॅम आहे. एकूण वजन ५० किलो झाले. वजनाच्या शेकडा २ प्रमाणे रोजचे खाद्य १ किलो होते. त्यास लसूण केवळ ५ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन पाकळ्या, पुरे.

भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड प्रत्येकी अर्धा किलो घ्यावी. लसूण ठेचून दहा मिनिटे तशीच ठेवावी, म्हणजे ॲलिसिन तयार होते. ती शिजवू नये. हळद वापरावयाची असल्यास तीही ५ ग्रॅमच घ्यावी व थोड्या गोड्या तेलात कालवावी, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. नंतर कण्यांची घट्ट पेज कोमट झाल्यावर तिच्यात सर्व मिसळून गोळे करावेत. पेजेविना औषध पाण्यात धुऊन जाते. गोळे थाळीत ठेवून पाण्यात सोडावेत आणि दोन तासांनी किती उरले ते पाहावे. ॲलिसिन फार काळ टिकत नाही. म्हणून मिश्रण रोज ताजे करावे.

वनस्पती म्हणून निरुपद्रवी नव्हे

झाडपाल्याचे औषध अपाय करीत नाही, ही समजूत मत्स्यशेतीत घातक आहे. गेळ्याची फळे व रामेठा पाण्यात टाकून मासे गुंग करण्याची रीत सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यातील लोकांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मोहाची पेंड तर नको असलेले मासे मारण्यासाठीच वापरली जाते. एक मीटर खोलीच्या तळ्यास हेक्टरी २,५०० किलो हे तिचे प्रमाण होय. रिठा व शिकेकाई यांतील फेस आणणारे द्रव्यही माशांच्या कल्ल्यांस अपायकारक असते. कडुनिंबाचा अर्क अधिक झाल्यास विषारी ठरतो. माणसास चालणारा काढा माशास चालेलच असे नाही. शिवाय प्रयोगशाळेतील अर्क फार तीव्र असतो. त्याचे प्रमाण घरच्या पुडीस किंवा काढ्यास लावता येत नाही.

औषधापूर्वी काय करावे

आजारी मासा प्रथम अन्न सोडतो. म्हणून खाद्यातील औषध त्याच्या पोटात जातच नाही. ते निरोगी माशांस आधीपासून द्यावयाचे असते. गुदद्वार लाल होणे, पोट फुगणे, पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबणे किंवा थाळीत खाद्य उरणे ही लक्षणे दिसताच खाद्य कमी करावे, पाणी पाहावे व मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

या भागातील दमट पावसाळ्यात पेंडीस बुरशी चटकन धरते. बुरशीच्या विषाने यकृत व आतडे दोन्ही बिघडतात, आणि ती हानी लसणीने भरून निघत नाही. पेंड जमिनीपासून उंच, फळीवर, कोरड्या जागी ठेवावी व बुरसलेली पेंड फेकून द्यावी.

दोन तळी असल्यास एकात लसणीचे खाद्य देऊन दुसरे पूर्वीप्रमाणे ठेवावे. दरमहा जाळे टाकून काही माशांचे वजन करावे, मेलेल्या माशांची मोजदाद ठेवावी व ती वहीत लिहावी. दोन महिन्यांनी त्या वहीवरूनच खर्चाचे सार्थक झाले किंवा नाही ते कळेल. स्वच्छ पाणी, ताजे खाद्य व माफक संख्या यांची जागा कोणतीही वनस्पती घेऊ शकत नाही; ती त्यांना साहाय्य मात्र करू शकते.