ढवळणं थांबल्यावर

आमच्या जुन्या लॅबमधला मॅग्नेटिक स्टरर परवा भंगारात गेला. किलोच्या भावानं. मला कुणी विचारलं नाही. निवृत्त माणसाला कोण विचारतंय?

त्याच स्टररवर आम्ही नॅनोकण बनवायचो. नॅनोचा मागोवा घेणारे १८५७ सालच्या फॅरेडेच्या लाल सोन्यापासून सुरुवात करतात. करोत बापडे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांच्यासारखी माणसं महागड्या यंत्रांवाचून साध्या बीकरात काचेवर पातळ थर चढवत होती, तिथून आमची बीकरवरची श्रद्धा.

माझं दशक २००५ ते २०१५. २००७ साली केंद्राचं नॅनो मिशन आलं आणि जो तो नॅनोवाला झाला. गावातच डी. वाय. पाटील विद्यापीठात एस. एच. पवार यांचा गट कर्करोगाची गाठ ४२-४५ अंशांपर्यंत तापवू शकतील अशा चुंबकी कणांच्या मागे होता. आम्ही आपले साधे लोह-ऑक्साइडचे कण करायचो. फेरिक-फेरस क्लोराइड दोनास एक, वर अमोनिया. तांबूस पाणी क्षणात काळंकुट्ट. पण उघडे कण एकमेकांना चिकटून गोळे होत, म्हणून वर कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसान या पॉलिमरचा लेप.

खरं तर पॉलिमरचं वागणं कोल्हापूरच्या गुळव्याला सांगायला नको. काहिलीत भेंडीचं पाणी पडलं की तिचे लांबलचक रेणू गाळ बांधून मळी वर आणतात. पॉलिमर थोडं असेल तर कण बांधले जातात. भरपूर असेल तर प्रत्येक कणाभोवती रेणूंची लव उभी राहते आणि ते सुटे राहतात. मग थेंब सावकाश सुकू द्यायचा. कण एका मापाचे असतील तर आपसूक षटकोनी रांगा धरतात, मधलं अंतर लव ठरवते. घाई केली की कपाखालच्या चहाच्या डागासारखं नुसतं कडं.

आमचे कण लहानमोठे, रांग कुठली लागायला! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोसाठी नमुने परगावी जात. एका ठिकाणी आमच्या नमुन्यांच्या सहा जाळ्या हरवल्या, बिल मात्र वेळेवर आलं. एकदाच, एका फोटोच्या कोपऱ्यात वीसेक कण शिस्तीत बसलेले दिसले. विद्यार्थ्यानं पेपरसाठी नेमका तोच कोपरा कापला. त्याला सरासरी व्यास हवा होता. त्याला तरी काय बोलणार? २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी यूजीसीचे एपीआय गुण आले होते, आम्ही मास्तरही पेपरच मोजत होतो.

२०२३ साली क्वांटम डॉट्स या नॅनोकणांच्या शोधाला नोबेल मिळालं, तेव्हा त्याच विद्यार्थ्याचा स्टेटस सगळ्यात आधी आला.

भंगारवाल्याकडून स्टररमधली मॅग्नेटिक बीड तेवढी मागून आणली. पांढऱ्या टेफ्लॉनवर काळा थर आहे, घासून जात नाही.