घोडे तेवढेच, ओढ मात्र वेगळी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लिहावे याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मला ओढले ते एका फजितीने. आमच्या काकांची मासेमारीची होडी खाडीत चालते. तिच्या पिछाडीला आउटबोर्ड मोटर टांगलेली आहे. दोन वर्षांपूर्वी वेग वाढावा म्हणून त्यांनी जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात अधिक पल्ला मारणारा पंखा बसवला. रिकामी होडी झकास पळाली. पण जाळी व मासळी भरून परतताना खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या ओढीत इंजिन घुसमटले आणि होडी खडकांकडे वाहू लागली. दुसऱ्या होडीने दोर टाकला म्हणून निभावले. "मशीन तेच, घोडे तेच, मग होडी चढत का नाय?" हा काकांचा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. त्याचे उत्तर मला सापडले ते अमेरिकेतील जुन्या शर्यती मोटरींत.

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये विक्रीस आणलेली मोटर अवघ्या दीड अश्वशक्तीची होती. पुढे १९३९ मध्ये कार्ल कीकेफर यांनी विस्कॉन्सिन राज्यात मर्क्युरी मोटरींचा कारखाना सुरू केला. या कारखान्याची १९५० च्या दशकातील 'मार्क २० एच' ही शर्यती मोटर केवळ दोन सिलिंडरांची, सुमारे सव्वातीनशे घनसेंटिमीटरची. एवढ्याशा इंजिनात जोर आणावयाचा कोठून?

उत्तर सोपे आहे. अश्वशक्ती म्हणजे फिरवण्याचा जोर, अर्थात टॉर्क, गुणिले फेरे. समजा, टॉर्क ३ किलोग्रॅम-मीटर आहे. मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर सुमारे पंधरा अश्वशक्ती मिळेल. तोच टॉर्क ७,००० फेऱ्यांवर टिकवला तर एकोणतीस. इंजिन न वाढवता शक्ती दुप्पट!

पण निसर्ग फुकट काही देत नाही. दोन-धावी इंजिनात वायू आत-बाहेर जाण्यासाठी सिलिंडरला खिडक्या असतात. वेगाने फिरताना वेळ अपुरा पडतो, म्हणून शर्यती इंजिनात त्या अधिक काळ उघड्या राहतील अशा मोठ्या कापतात. मंद गतीत मात्र याच खिडक्यांतून ताजे मिश्रण निसटून जाते. परिणामी खाली इंजिन मरगळलेले, आणि ठरावीक फेऱ्यांच्या वर गेले की एकदम उसळणारे! शिवाय फेरे दुप्पट झाले की दट्ट्याला मागेपुढे फेकणारे बल चौपट होते. त्यामुळे आयुष्यही घटते. मेथॅनॉलवर चालणाऱ्या शर्यती इंजिनांत वंगण म्हणून आपले ओळखीचे एरंडेल वापरीत, कारण खनिज तेल मेथॅनॉलमध्ये नीट मिसळत नाही.

आता होडीकडे वळू. पाण्यावर तरंगून धावू लागण्यापूर्वी होडी नाक वर करून स्वतःच्याच लाटेचा चढ चढते. नेमका येथे मोठा टॉर्क लागतो, आणि शर्यती मोटर येथेच दुबळी असते. म्हणून तिला अतिशय हलकी होडी देतात. चालक गुडघ्यांवर बसून पुढे झुकतो. सुरुवातीस मदतनीस पाण्यात उभे राहून होडीची पिछाडी उचलून धरतात. एकदा चढ ओलांडला की मग तिचे राज्य! १९५८ मध्ये सिअ‍ॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर ह्यू एन्ट्रॉप यांनी सहा सिलिंडरांच्या 'मार्क ७५ एच' मोटरीवर ताशी १०७ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे १७३ किलोमीटर वेग गाठून जागतिक विक्रम केला.

तीच मोटर भरल्या मासेमारी होडीला लावली तर ती चढ ओलांडणारच नाही. त्यात मोटरीचा दोष नाही. दोष काम नेमून देणाऱ्याचा.

काकांच्या होडीचे हेच झाले होते. नव्या पंख्याने इंजिनावर इतका भार टाकला की ते आपल्या जोराच्या फेऱ्यांपर्यंत पोचेचना. घोडे होते, पण ते वरच्या मजल्यावर अडकले होते! मी वहीत आकृती काढून हे समजावले तेव्हा काका बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कमी पिचचा जुना पंखा पुन्हा चढवला. रिकाम्या होडीचा वेग थोडा घटला. पण भरली होडी ओहोटीतही घरी येते.

मोटर घेताना 'घोडे किती?' असे सगळेच विचारतात. 'किती फेऱ्यांवर?' हेही विचारावे, एवढेच माझे सांगणे.