महामार्गावरची मासळी थाळी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरीच्या आसपास दुपारी जेवायला थांबलेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. डहाणूचा समुद्र जवळच, म्हणून तळलेला बांगडा, कोळंबीचे कालवण आणि भाकरी मागवली जाते. जेवण संपते न संपते तोच वडिलांचा चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, अंगावर पित्त उठते. पाठोपाठ मुलीलाही तोच त्रास. दोघांनीही बांगडा खाल्लेला, आईने मात्र फक्त कोळंबी. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो : अ‍ॅलर्जी! बहुतेक वेळा ती अ‍ॅलर्जी नसते.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. पकडलेला मासा बर्फावर न ठेवता उन्हात किंवा टोपलीत राहिला, की जिवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. अ‍ॅलर्जीत आपले शरीर जे रसायन सोडते, तेच इथे ताटातून पोटात जाते. त्यामुळे लक्षणे सारखीच दिसतात. मासा खरपूस तळला, उकळला किंवा नंतर गोठवला तरी एकदा तयार झालेले हिस्टामिन नष्ट होत नाही. मासा दिसायला आणि वासाला चांगला असू शकतो. कधी कधी जिभेला मिरीसारखी चुणचुण जाणवते. तसे झाल्यास तो घास तिथेच सोडावा.

हा त्रास काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत सुरू होतो आणि अ‍ॅलर्जीविरोधी औषधाने बहुधा दिवसभरात ओसरतो. एकाच ताटातला मासा खाल्लेल्या अनेकांना एकदम त्रास होणे, ही त्याची मोठी खूण.

खऱ्या अ‍ॅलर्जीत मात्र एकालाच त्रास होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. कोळंबी, चिंबोरी यांतील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उष्णतेलाही दाद देत नाही. अशा व्यक्तीने ‘मी फक्त पापलेट खातो’ म्हणून भागत नाही. त्याच तेलात आधी कोळंबी तळली असेल, तर तेवढेही पुरते. ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले, तर गोळी देऊन वाट पाहू नये. कारण काहीही असो, लगेच १०८ ला फोन करावा. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय किंवा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तिथे न्यावे. रुग्णाला चालवू नये. आडवे झोपवावे, धाप लागत असेल तर बसते ठेवावे. मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच खरा उपचार.

कालवे आणि तिसऱ्या समुद्राचे पाणी गाळून जगतात, म्हणून पाण्यातले जंतूही त्यांच्यात साठतात. अमेरिकेत लुईझियानाच्या केजन उपाहारगृहांत कालवे लिंबू आणि तिखट सॉस घालून कच्चीही खातात. लिंबाने किंवा तिखटाने जंतू मरत नाहीत. तिथल्या उबदार पाण्यातला व्हिब्रिओ जिवाणू यकृताचे आजार असलेल्यांना प्राणघातक ठरू शकतो. आपल्याकडे रस्सा उकळण्याची पद्धत आहे, तीच सोडू नये. शिजवूनही न उघडलेला शिंपला टाकून द्यावा.

जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा ‘आजचीच आहे’ हे उत्तर तपासून घ्यावे. मासा बर्फात दिसतो का, कल्ले लाल आहेत का, अर्धवट तळलेले तुकडे बाहेर मांडून ठेवलेत का, एवढे पाहायला दोन मिनिटे पुरतात. डहाणूहून मासळी घरी नेताना गाडीच्या डिकीत नुसत्या पिशवीत ठेवू नये. बर्फाची पेटी हवीच.

त्या वडिलांनी जन्मभर बांगडा सोडण्याचे कारण बहुधा नाही. मात्र हे स्वतःच ठरवू नये. कोणी, काय आणि किती वाजता खाल्ले, हे लिहून डॉक्टरांना दाखवावे. निदानाचे निम्मे काम त्या चिठ्ठीतच होते.