‘प्रथम भाषा’ आणि मालवणी घरातील मूल

प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस मुलांना ज्या परीक्षांना बसावे लागते, त्यांपैकी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा खेड्यापाड्यांतही सर्वपरिचित आहे. पूर्वी चौथीत होणारी ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवीत होऊ लागली. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथीकडे नेण्याचे ठरविले. पाचवीसाठी आखलेल्या स्वरूपात दोन प्रश्नपत्रिका मिळून ३०० गुण असून त्यांतील ५० गुण ‘प्रथम भाषा’ ह्या विभागास आहेत. मालवण, वेंगुर्ले, देवगड ह्या किनाऱ्यावरील मराठी शाळांत ही प्रथम भाषा म्हणजे प्रमाण मराठी होय. पुष्कळ मुलांच्या कानी जन्मापासून पडलेली भाषा मात्र मालवणी असते. ह्या भेदाचा विचार न करता केवळ सरावप्रश्नपत्रिकांची संख्या वाढविल्याने फारसे साधत नाही.

मालवणी म्हणजे बिघडलेली मराठी, हा समज शिक्षकवर्गातही आढळतो. वस्तुतः भाषाभ्यासकांनी तिची स्वतंत्र दखल फार पूर्वी घेतली आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात ‘कुडाळी’ ह्या नावाने ती कोंकणीच्या बोलींत गणली गेली; डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६५ मध्ये आपल्या मराठी बोलींच्या पाहणीचा एक संपूर्ण भाग कुडाळीस दिला. तिला कोणत्या भाषेच्या पदरी घालावे, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. तिला स्वतःचे नियमबद्ध व्याकरण आहे, एवढेच येथे महत्त्वाचे. (१९८० मध्ये ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले आणि मालवणीस टाळ्या मिळाल्या. वर्गात तिच्या वाट्यास येते ते हसू निराळ्या जातीचे असते.)

मुलांच्या चुका ह्या व्याकरणाच्या प्रकाशात पाहाव्यात. प्रमाण मराठीत ‘तो जातो’, ‘ती जाते’ असा लिंगभेद वर्तमानकाळी दिसतो. मालवणीत ‘तो जाता’, ‘ती जाता’ असे एकच रूप चालते. ‘मला’, ‘शाळेला’ यांच्या जागी ‘माका’, ‘शाळेक’ येते. हे भेद उघड असल्याने लवकर सुधारतात. घातक ठरतात ती, दोन्हीकडे दिसण्यात सारखी परंतु कार्यात भिन्न असलेली रूपे. प्रमाण मराठीत ‘मी आलो’, ‘तो आला’. मालवणीत ‘तो इलो’, ‘तो गेलो’. म्हणजे ओकारान्त रूप तेथे तृतीय पुरुषाचे असते, आणि स्वतःविषयी बोलताना मूल ‘मी गेलंय’ असे म्हणते. आता उताऱ्यात ‘सायंकाळी थकून घरी परतलो’ असे कर्तृपद गाळलेले वाक्य आले आणि ‘कोण परतले?’ असा प्रश्न विचारला, तर मालवणी मुलाच्या मनात ‘तो’ उभा राहणे अगदी स्वाभाविक आहे. उतारा त्यास समजला नाही असे शिक्षक म्हणतो. परंतु मुलाने तो आपल्या व्याकरणाप्रमाणे चोख वाचलेला असतो.

वचनाच्या प्रश्नांतही असाच सापळा आहे. प्रमाण मराठीत ‘घोडा–घोडे’ आणि ‘केळे–केळी’. मालवणीत ‘घोडो–घोडे’ आणि ‘केळां–केळी’. मालवणीच्या ह्या नमुन्यात एकारान्त रूप अनेकवचनाचे आहे. म्हणून ‘केळे’ हा शब्द एकवचनी आहे हे मुलास मुद्दाम सांगावे लागते. ते आपोआप उमगत नाही. शब्दार्थाचेही तसेच. कोशात ‘खळे’ म्हणजे धान्य मळण्याची जागा. मालवणी मुलाचे ‘खळां’ म्हणजे घरापुढचे अंगण, जेथे ते रोज खेळते.

गणितात अडचण क्वचित आकड्यांची, बहुधा वाक्याची असते. ‘पेक्षा’ ह्या शब्दाशी घरचा ‘परास’ जोडून दिला की वयाची उदाहरणे सुटू लागतात. रापणीच्या मासळीचे वाटे पाहिलेल्या मुलास भागाकाराची कल्पना नव्याने द्यावी लागत नाही. बुद्धिमत्ता चाचणीतील दिशांच्या प्रश्नांस तर हा किनारा अनुकूलच आहे: समुद्र पश्चिमेस, घाट पूर्वेस.

यास्तव तयारीचा आरंभ तुलनेने व्हावा. मुलाने स्वतः बोललेले वाक्य फळ्याच्या एका बाजूस मालवणीत जसेच्या तसे लिहावे, दुसऱ्या बाजूस त्याचे प्रमाण रूप लिहावे, आणि दोहोंतील फरक मुलाकडूनच काढून घ्यावा. रोज एकच नियम पुरे. सरावप्रश्नपत्रिका त्यानंतर, आणि त्या तपासताना चुकांची नुसती संख्या न मोजता त्यांचे प्रकार पाडावेत. अमेरिकेत ॲन आर्बर येथील एका खटल्यात १९७९ मध्ये न्यायालयाने, वाचन शिकविताना कृष्णवर्णीय मुलांची घरची बोली शिक्षकांनी लक्षात घेतली पाहिजे, असा निर्णय दिला होता. आपल्याकडे त्यासाठी न्यायालयाची पायरी चढण्याचे कारण नाही.

परीक्षेच्या वर्षी काही घरांत आईबाप मुलाशी मालवणी बोलणेच सोडतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. आईबापांची प्रमाण मराठी बहुधा अर्धीमुर्धी असते, तेव्हा मुलास धड एकही नमुना मिळत नाही. शिवाय आपली आजी ‘चुकीचे’ बोलते, एवढे मात्र ते शिकते. परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकास मालवणी येत नसेल, तर तीही मोठी अडचण नव्हे. ‘हे तुमच्या घरी कसे म्हणतात?’ असे त्याने वर्गास विचारावे. उत्तरासाठी हात वर करणाऱ्यांत, भाषेच्या तासाला एरवी मान खाली घालून बसणारी मुलेही दिसू लागतील.