खापरावरची पावती

पस्तीस वर्षे बँकेत काढली. तारीख, नाव आणि रक्कम यांतले एक जरी नसले, तरी व्हाउचर मी पुढे जाऊ दिले नाही. म्हणूनच इदूमियाची खापरे मला ओळखीची वाटतात.

इदूमिया म्हणजे हेब्रॉनच्या आसपासचा आणि दक्षिणेकडचा मुलूख. इ. स. पूर्व चौथ्या शतकात तिथले कारकून फुटक्या मडक्यांच्या तुकड्यांवर शाईने पावत्या लिहीत. पपायरस महाग, खापर फुकट! भाषा अरामी, इराणी साम्राज्याच्या दफ्तरात तीच चाले. दिवस, महिना, कधी राजाचे वर्ष. मग माणसाचे नाव, घराणे आणि माल: गहू, जव, तेल, भुसा. मापे आपल्या पायली-शेरासारखी ठरलेली. सहा कबांचा एक सआ, तीस सआंचा एक कोर.

इ. स. पूर्व ३३२ मध्ये अलेक्झांडर आला आणि तिथली इराणी सत्ता गेली. पावत्या थांबल्या नाहीत. पुढच्या खापरांवर तारखेत अलेक्झांडर, फिलिप, अँटिगोनस ही नावे दिसतात, आणि शेजारी पुन्हा तेच जव.

अशी सुमारे दोन हजार खापरे आज ठाऊक आहेत. पण बहुतेक उत्खननात मिळालेली नाहीत; दलालांच्या हातून बाजारात आली आणि जगभर पांगली. कुठले खापर कुठल्या घरात, कुणाशेजारी पडले होते, ही नोंद कायमची गेली. असला हिशेब कुठला ऑडिटर मान्य करील? तरी बेझालेल पोर्टेन आणि आडा यार्देनी यांनी नावाला नाव जुळवीत एकेका माणसाचे खाते पुन्हा मांडले. त्यांचा पहिला खंड २०१४ मध्ये छापून आला.