गवत कापताना रेस किती ठेवावी?

एका पावसाळ्यात डाळिंबाच्या बागेतून गवत कापायचे यंत्र माझ्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आले. दोन पात्यांपैकी एक बोल्ट तुटून उडाले होते. सापडले ते चाळीस पावलांवर, बांधावरच्या बाभळीत रुतलेले. त्या बाजूला तेव्हा कोणी नव्हते हे नशीब. मालकाचे म्हणणे, यंत्रच हलके. मला तसे वाटले नाही.

ट्रॅक्टरच्या मागे अवजार चालवण्यासाठी जो फिरता दांडा असतो, तो पीटीओ. आपल्याकडची बहुतेक अवजारे त्याच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. हे फेरे इंजिनाशी बांधलेले. रेस कमी केली की तेही कमी होतात.

आकड्यांचा कंटाळा येईल, पण एक हिशेब ऐका. यंत्राच्या गिअरबॉक्समध्ये ५४० चे दीडपट, म्हणजे ८१० फेरे होतात असे समजू. पाच फुटी यंत्र असेल तर पात्याचे टोक ताशी सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरते. एवढा वेग कशाला? विळ्याने कापताना आपण गवत मुठीत धरतो. इथे धरणारे कोणी नाही. वाकायला सवड मिळायच्या आत पाते गवतावर आदळले पाहिजे. रेस उतरवली की गवत कापले न जाता फाटते, आडवे होते, यंत्राखाली गोळा होते. म्हणून जमीन खडबडीत असली किंवा गवत दाट असले तर खालचा गिअर टाका, रेस तशीच ठेवा. आपले ड्रायव्हर नेमके उलटे करतात!

आता त्या बागेकडे येऊ. त्या ट्रॅक्टरला पीटीओचा दुसरा, डिझेल वाचवणारा गिअर होता. हलक्या कामाला तो चांगला. त्यात १५०० च्या इंजिनवेगालाच ५४० फेरे मिळतात. ड्रायव्हर नवा. त्याने हा गिअर टाकला आणि सवयीने रेस २२०० वर नेली. पीटीओ गेला जवळजवळ ८०० वर. वेग दीडपटीच्या आसपास, पण पात्याला बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. तो झाला दुपटीहून जास्त. झिजलेला बोल्ट किती टिकणार?

काही ट्रॅक्टरांना १००० फेऱ्यांचाही गिअर असतो. त्यावर ५४० चे यंत्र चालवले तर हाच जोर साडेतीनपटीच्या जवळ जातो. लीव्हर कुठे आहे ते चालू करण्याआधी पाहावे.

आणि दांड्यावरचे प्लास्टिकचे आवरण अडचण म्हणून काढून टाकू नका. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरण्याचे टोक अडकले तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही.

यंत्राची मी दोन्ही पाती बदलली. एकच नवे घातले तर वजनात फरक पडून यंत्र थरथरते. बसवायला बागेत गेलो तेव्हा ट्रॅक्टरच्या मीटरवर १५०० पाशी लाल रंगाचा ठिपका देऊन आलो.